दोन शिक्क्यांचे मूल

वेळणेश्वरासारख्या किनाऱ्यावरच्या गावात, जेथून माणसे पिढ्यानपिढ्या मुंबईस चाकरीला गेली आणि जेथील घरांना अमेरिका ठाऊक आहे ती तिकडे स्थायिक झालेल्या एखाद्या भाच्या-पुतण्यापुरती, तेथे बसून त्या देशातील कृष्णवर्णीयांविषयी, आणि त्यांतही ज्यांच्या मेंदूची घडण चारचौघांहून निराळी आहे अशांविषयी, काही सांगू लागणे वाचकांस दूरान्वयाचे वाटण्याचा संभव आहे. परंतु मराठी मुलखाला ही तुलना नवी नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या तेथील लोकांस अर्पण केले. ज्यांचे मूळ गाव आंबडवे वेळणेश्वराच्याच रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात आहे त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंतास पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्याकडे लक्ष वेधले. आणि १९७२ साली मुंबईत निघालेल्या दलित पँथरने तर आपले नावच तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. वर्ण आणि जात या एकच गोष्टी नव्हेत हे मान्य करूनही, जन्मावरून माणसाचे मोल आधीच ठरवून टाकण्याची रीत दोहोंकडे आहे, आणि अशा घरात जेव्हा स्वमग्न, अतिचंचल किंवा वाचन-लेखन ज्याला असाधारण कष्टाचे जाते असे मूल जन्मास येते, तेव्हा त्याच्या आईबापांनी आणि गुरुजींनी काय करावे, हा या लेखाचा विषय आहे.

अमेरिकेत या प्रश्नाची मोजदाद झाली आहे, आणि ती आपल्याला उपयोगी आहे. डेव्हिड मँडेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, फिलाडेल्फिया शहरातील सरकारी वैद्यकीय साहाय्यावर अवलंबून असलेल्या, म्हणजे गरिबीत जवळपास सारख्याच असलेल्या कुटुंबांमध्ये, स्वमग्न मुलांचे निदान गोऱ्या घरांत सरासरी ६.३ वर्षांच्या वयात तर कृष्णवर्णीय घरांत ७.९ वर्षांच्या वयात झाल्याचे आढळले. त्यांच्याच २००७ च्या दुसऱ्या अभ्यासात असे दिसले की, पहिल्याच भेटीत स्वमग्नतेचे निदान पदरी पडण्याचा संभव कृष्णवर्णीय मुलांच्या बाबतीत पुष्कळ कमी, आणि त्याऐवजी वर्तनदोषाचा किंवा परिस्थितीशी न जुळल्याचा शेरा मिळण्याचा संभव अधिक. पुढे तपासण्या अधिक व्यापक झाल्या, आणि २०२३ साली तेथील रोगनियंत्रण केंद्राने जाहीर केलेल्या आकड्यांत आठ वर्षांच्या गोऱ्या मुलांमध्ये स्वमग्नतेचे प्रमाण दर हजारी २४.३ तर कृष्णवर्णीयांमध्ये २९.३ असे निघाले. तेव्हा ही मुले पूर्वीही होतीच. पाहणाऱ्यांची नजर मात्र त्यांच्या कातडीवरच थबकत होती. किंबर्ली क्रेन्शॉ या विधिज्ञ बाईंनी १९८९ साली असे दाखवून दिले होते की, जेथे दोन भेद एका माणसावर येऊन मिळतात तेथे होणारा अन्याय त्या दोन भेदांविरुद्धच्या कायद्यांच्या मधल्या फटीत सापडतो आणि कोणत्याच दफ्तरात नोंदला जात नाही. मुलांच्या बाबतीत ही फट आणखी रुंद असते, कारण मूल स्वतः तक्रार करावयास जात नाही.

आता आपल्या गावाकडे वळू. वर्गात सतत उठून खिडकीशी जाणारा, प्रश्न संपण्याआधीच उत्तर ओरडणारा, वही कधीच पुरी न करणारा मुलगा जर आगरवाल्या सुस्थित घरातला असेल, तर शिक्षक बापास बोलावून सांगतात की, मुलगा हुशार आहे, पण लक्ष देत नाही, एकदा चिपळुणास डॉक्टरांना दाखवा. तोच मुलगा बौद्धवाडीतला असेल तर ‘घरी अभ्यास घेणारे कोण आहे?’ एवढ्यावर विषय मिटतो. आणि उत्तर रत्नागिरीत कोळशाच्या नि विटांच्या भट्ट्यांवर राबणाऱ्या कातकऱ्याचा असेल, तर ‘त्यांना शाळेची सवयच नसते’ हे उत्तर प्रश्नाआधीच तयार असते. वागणूक एकच, पण पहिल्या मुलाच्या बाबतीत ती एक कोडे ठरते आणि कोडे सोडवण्यासाठी तज्ज्ञ शोधला जातो. इतरांच्या बाबतीत ती स्वभावधर्म ठरते, आणि स्वभावधर्माला औषध कोण शोधतो? ‘आमच्या गावात जातपात राहिली नाही’ असे जे आपण पाहुण्यास अभिमानाने सांगतो, त्याची रुजवात घ्यावयाची असेल तर पालखीच्या मानपानाइतकीच ती शाळेच्या शेरेबुकातही घ्यावी, असे माझे मत आहे.

आईबापांनी पहिली गोष्ट करावयाची ती ही की, मुलाच्या वागण्याचे वर्णन आणि त्या वागण्याचे स्पष्टीकरण या दोहोंची फारकत करावी. एक साधी शंभर पानी वही घ्यावी आणि तीत तारीखवार एवढेच लिहावे किंवा, लिहिता येत नसेल तर, थोरल्या भावंडाकडून अथवा अंगणवाडीताईंकडून लिहून घ्यावे, की मुलाने काय केले, कोठे केले, त्यापूर्वी काय घडले होते आणि ते किती वेळ चालले. हाक मारली असता पाहते का. बोट दाखवून वस्तू मागते का. बोलू लागलेले शब्द मध्येच गेले का. मिक्सरच्या, फटाक्यांच्या किंवा बँजोच्या आवाजाने कान झाकून घेते का. एकच खेळ, एकच वाट, एकच भांडे यांचा हट्ट धरते का. सहावे-सातवे वर्ष उलटूनही जोडाक्षर ओळखण्यास अडते का. ‘उनाड’, ‘मठ्ठ’, ‘आळशी’, ‘मागच्या जन्मीचे’ हे शब्द त्या वहीत येऊ देऊ नयेत, कारण ती वही पुढे ज्यांच्या हाती पडावयाची ते डॉक्टर तिच्यातून मुलाचे चित्र उभे करणार असतात, आणि आपणच दिलेला शिक्का त्यांच्या हातून अधिक ठळक होऊन परत येऊ शकतो.

वाचनाच्या अडचणीसंबंधी येथे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण खरी अडवणूक तेथे होते. अध्ययन-अक्षमतेचे निदान करताना वैद्यकशास्त्र अशी अट घालते की, मुलाची अडचण अपुऱ्या शिक्षणामुळे, घरच्या हलाखीमुळे किंवा शिक्षणाची भाषा परकी असल्यामुळे उद्भवलेली नसावी. अट तर्काला धरून आहे. परंतु तिचा परिणाम असा होतो की, ज्या मुलाच्या घरी हलाखी आहे, ज्याची बोली प्रमाण मराठीहून वेगळी आहे आणि जे हंगामात आईबापांबरोबर भट्टीवर जाते, त्याच्या प्रत्येक चुकीला हलाखी हे कारण आयतेच मिळते आणि मूळ अक्षमता तिच्याखाली दडपून जाते. श्रीमंताच्या मुलाला अडखळण्याचे कारण सिद्ध करावे लागत नाही. गरिबाच्या मुलाला आपली गरिबी हे कारण नव्हे, हे सिद्ध करावे लागते. २००७ साली ‘तारे जमीन पर’ हा चित्रपट आला तेव्हा घरोघर डिस्लेक्सिया हा शब्द पोहोचला ही गोष्ट चांगली झाली, परंतु त्यातला मुलगा मुंबईच्या खाऊनपिऊन सुखी घरातला होता, त्यामुळे हा रोग इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाच होतो असाही एक चमत्कारिक समज मागे उरला.

या अडवणुकीला उत्तर एकच, आणि ते पुराव्याचे. त्याच घरात, त्याच शाळेत, त्याच गुरुजींकडे शिकलेले भावंड किंवा चुलत भावंड जर नीट वाचत असेल, तर ती बाब डॉक्टरांपुढे आवर्जून मांडावी, कारण हलाखी दोघांची सारखी असताना अडचण एकाचीच असेल तर कारण हलाखीपलीकडे शोधणे भाग पडते. शाळेतून हजेरीचा उतारा मागावा, दोन-तीन वर्षांच्या जुन्या वह्या रद्दीत न घालता जपून ठेवाव्यात, आणि तपासणीच्या वेळी मूल घरी कोणती बोली बोलते हे स्पष्ट सांगून प्रश्न त्या बोलीत समजावून देण्याची विनंती करावी. कातकरी मुलाला शहरी मराठीतील कोडे घालून त्याच्या बुद्धीचे मोजमाप करणे म्हणजे त्या मुलाची नव्हे, कोडे घालणाऱ्याच्या भाषेची परीक्षा होय.

तपासणीसाठी जावे कोठे? २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते. त्या पथकाचे काम दात नि डोळे पाहण्यापुरते नसून विकासातील विलंब हेरणे हेही त्यात येते. पथक येण्याच्या दिवशी मूल घरी राहणार नाही याची काळजी घ्यावी आणि वही त्यांच्या हाती द्यावी, म्हणजे पुढची शिफारस जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे होऊ शकते. गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांकडेही मुख्याध्यापकांमार्फत लेखी मागणी करता येते. येथे एक जुनी भीती आडवी येते. रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ पासूनचे. त्यामुळे कोकणात मेंदूच्या डॉक्टरांकडे नेणे म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात नेणे असा अर्थ लोक लावतात, आणि आधीच एक शिक्का वागवणारे कुटुंब दुसरा कपाळी घेण्यास कचरते. हे कचरणे समजण्यासारखे आहे, आणि त्यावर हसू नये. स्वमग्नता हा वेडेपणा नव्हे आणि संसर्गही नव्हे. ती जन्मापासूनची घडण आहे, आणि वेळीच भाषेचे व रोजच्या व्यवहाराचे शिक्षण मिळाल्यास मूल पुष्कळ पुढे जाते, हे घरातील आजीआजोबांस शांतपणे समजावून सांगावे. ‘लस टोचल्याने झाले’, ‘आईने टीव्ही दाखवल्याने झाले’ या गोष्टींना आधार नाही, आणि त्यांचा सारा भार अखेर आईवर येतो, म्हणून त्या घरात शिरूच देऊ नयेत.

आता दाखल्यांचा विषय. हा रुक्ष आहे, पण जी कुटुंबे तो टाळतात त्यांचेच सर्वाधिक नुकसान होते. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला आणि त्याने अक्षमतांचे प्रकार सातांवरून एकवीसवर नेले. त्यांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन-अक्षमता या दोहोंचा समावेश झाला. अतिचंचलता व अवधानदोष, ज्याला डॉक्टर एडीएचडी म्हणतात, तो या सूचीत स्वतंत्रपणे नाही, हे आधीच ठाऊक असावे, म्हणजे कचेरीतून विन्मुख परतल्यावर मुलावर राग निघत नाही. मात्र अशा मुलास अध्ययन-अक्षमताही असू शकते, तेव्हा तीही तपासून घ्यावी. स्वावलंबन या सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरून जिल्हा रुग्णालयाची तारीख घ्यावी लागते, आणि चाळीस टक्के किंवा अधिक अक्षमता ठरल्यास कायद्यातील बहुतेक सवलती लागू होतात. अध्ययन-अक्षमतेचा दाखला, २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, आठ वर्षांच्या आधी मिळत नसे आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी फेरतपासणी करावी लागे; आजचा नियम अर्ज करतेवेळी विचारून घ्यावा. निर्णय मान्य नसेल तर अपिलाचा मार्ग कायद्यातच ठेवला आहे.

याच्या जोडीला जातीचा दाखला. तो वेगळ्या कचेरीतून, प्रांताधिकाऱ्यांच्या सहीने येतो, आणि त्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, तर विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. भट्टीमागून भट्टी फिरलेल्या कुटुंबाकडे असा कागद असण्याचा संभव थोडा, म्हणून आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्याचा किंवा गावनमुन्यातील नोंदीचा शोध मूल लहान असतानाच आरंभावा. अनेक पालकांची अशी समजूत असते की, एक दाखला घेतला की दुसऱ्यावरचा हक्क जातो. वस्तुस्थिती उलट आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या इंद्रा सहानी निर्णयात सामाजिक आरक्षण उभे आणि दिव्यांगांचे आरक्षण आडवे मानले, म्हणजे दुसरे पहिल्याला छेदून जाते. दिव्यांग जागेवर निवडलेला अनुसूचित जातीचा उमेदवार आपल्याच प्रवर्गात धरला जातो आणि दोन्ही हक्क शाबूत राहतात. उच्च शिक्षणात दिव्यांगांसाठी किमान पाच टक्के आणि सरकारी नोकरीत चार टक्के जागा आहेत, आणि त्या चारांपैकी एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन-अक्षमता, मनोविकार आणि बहुविकलांगता यांच्यासाठी मिळून आहे. स्वमग्न मुलांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजनाही आहे, आणि मूल अठरा वर्षांचे झाल्यावर पालकत्वाचा अर्ज त्याच कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येतो.

शिक्षकांस दोन शब्द. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे सतरावे कलम शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक छळवणुकीसही मनाई करते. तेव्हा जातीचा उल्लेख करून किंवा काळ्या रंगावरून चिडवून मुलाला उभे करणे हा विनोद नव्हे, गुन्ह्याचा आरंभ आहे. दिव्यांग व्यक्तीचा सार्वजनिक ठिकाणी हेतुपुरस्सर अपमान केल्यास २०१६ च्या कायद्याच्या ९२ व्या कलमाखाली सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि अपमान जातीवरून असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा वेगळा लागू होतो. पण कायद्याच्या धाकाने वर्ग चालत नाही. चंचल मुलास पहिल्या बाकावर बसवून फळा पुसण्याचे, पाणी आणण्याचे काम दिल्यास त्याच्या हालचालीला वाट मिळते, फक्त तेच काम आजवर कोणत्या वाडीतल्या मुलांकडून करवून घेतले गेले याचे भान असावे आणि केर काढण्याचे काम त्याच्या वाट्यास कधीही येऊ देऊ नये. वाचन अवघड जाणाऱ्या मुलास उत्तर तोंडी देऊ द्यावे. सूचना एकावेळी एकच सांगावी आणि फळ्यावर चित्राने दाखवावी. रंगाबद्दलची चेष्टा मुले घरून शिकून येतात. ज्या किनाऱ्यावर अंजनवेलच्या किल्ल्यावर सिद्दींचा अंमल होता आणि ज्या प्रांतात मलिक अंबर या हबशी मुत्सद्द्याची जमाबंदी नमुनेदार मानली गेली, तेथील इतिहासाच्या तासाला या माणसांचा वर्ण मोकळेपणाने सांगितला, तर काळा रंग आणि मंद बुद्धी यांची जी गाठ मुलांच्या मनात बसलेली असते ती थोडी सैल होईल.

शिमग्यात काय करावे, हा प्रश्न कोकणातील स्वमग्न मुलाच्या घरी दर फाल्गुनात येतो. ढोल-ताशांचा, सनईचा आणि फाकांचा कल्लोळ अशा मुलाला शब्दशः वेदना देतो, आणि पालखी अंगणात आलेली असताना कान झाकून किंचाळणाऱ्या मुलाकडे पाहून कोणी तरी ‘देवाचा कोप’ म्हणतोच. वाडी मानपानात खालची असेल तर त्या बोलण्यास आणखी धार येते. गावकरांस व मानकऱ्यांस आठवडाभर आधी भेटून, आमच्या अंगणात पालखी नाचवताना ढोल थोडा दूर ठेवावा, अशी विनंती करण्यात कमीपणा नाही. ती मान्य न झाल्यास मुलाला त्या दुपारी कानावर टोपरे बांधून मागील दारी न्यावे, किंवा नातलगाकडे पाठवावे. वेळणेश्वराच्या महाशिवरात्रीच्या जत्रेतही हेच; दर्शन पहाटे उरकून गर्दीआधी परतणे सोयीचे.

मूल मोठे झाल्यावरची काळजी निराळी असते. दहा वर्षांचे असताना जे नुसते विचित्र वाटते ते सतराव्या वर्षी संशयास्पद वाटू लागते. जुलै २०१६ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ मायामी येथे चार्ल्स किन्सी हा कृष्णवर्णीय वर्तन-उपचारक रस्त्यावर बसलेल्या एका स्वमग्न तरुणाला समजावीत असता, त्या तरुणाच्या हातातील खेळण्यातली गाडी शस्त्र समजून आलेल्या पोलिसाने गोळी झाडली आणि ती, हात वर करून जमिनीवर पडलेल्या किन्सीच्या पायास लागली. आपल्याकडे बंदुकीऐवजी जमाव असतो. परक्याच्या आगरात शिरून माडाकडे टक लावून पाहणारा, विचारले तर नजर न देणारा आणि नाव न सांगणारा कातकरी किंवा भटक्या जमातीतला तरुण चोर ठरण्यास फार वेळ लागत नाही. यास्तव मुलाला दिव्यांगत्वाचे ओळखपत्र गळ्यात किंवा खिशात बाळगण्याची सवय लावावी, सदऱ्याच्या आत घरचा फोन नंबर शिवावा, आणि गावच्या पोलीस पाटलांस, एस.टी.च्या वाहकास, दुकानदारास मुलाला स्वतः घेऊन जाऊन दाखवून ठेवावे. त्यांनी त्याला एकदा शांत स्थितीत पाहिलेले असले म्हणजे पुढे गोंधळात ओळखणे सोपे जाते. मुलालाही ‘मला ऐकू येते, पण उत्तर द्यायला वेळ लागतो’ हे एक वाक्य पुन्हा पुन्हा म्हणवून पाठ करवावे, आणि बोलणे येत नसेल तर कार्डावर लिहून द्यावे.

मुलाला त्याच्या घडणीविषयी आणि त्याच्या जातीविषयी केव्हा सांगावे, असे पालक विचारतात. बाहेरचे सांगण्याआधी सांगावे, हे उत्तर. आठ-नऊ वर्षांचे मूल ‘तुझे डोके अमुक गोष्टी हळू करते आणि अमुक गोष्टी इतरांहून चांगल्या करते’ एवढे समजते; आणि आपल्याला कोणी जातीवरून वा रंगावरून बोलले तर त्यात आपले काही चुकलेले नाही, हेही समजते. या दोन गोष्टी एकाच संभाषणात सांगू नयेत, नाहीतर मूल दोहोंची सांगड घालून आपली अडचण आपल्या जातीची आहे असे मानू लागते, आणि वाडीबाहेरच्या लोकांनी केलेली चूक घरातच पुन्हा होते.

शेवटी मुदतीची गोष्ट. दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना जादा वेळ, लेखनिक आणि शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष अशा सवलती मिळतात, परंतु त्यांचा प्रस्ताव शाळेमार्फत रत्नागिरी येथील कोकण विभागीय मंडळाकडे दाखल्यासह जावा लागतो, आणि दाखल्याला लागणारे महिने परीक्षा थांबवीत नाहीत. मूल तिसरी-चौथीत अडखळताना दिसत असेल, तर सातवी-आठवीपर्यंत वाट पाहू नका. येत्या जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात वही घेऊन मुख्याध्यापकांकडे जा, लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच मागून घ्या.